दिसावरची चूल

मोरिवलीतील आमच्या किराणा दुकानाच्या काट्यावर आजवर गूळ, डाळी, साखर, शेंगदाणे असे सारे काही तोलले गेले. पण गेल्या आश्विनात त्यावर प्रथमच एक प्रवासी बॅग चढली. विमान कंपनीची मर्यादा २३ किलोची आणि काटा दाखवीत होता २५ किलो ४०० ग्रॅम. ह्यांनी बॅग उघडून एकेक पुडी बाहेर काढावी आणि मी ती पुन्हा आत ठेवावी, असा खेळ बराच वेळ चालला. दुकानात आलेले एमआयडीसीतील कामगार कौतुकाने पाहत होते. शेवटी माझ्या दोन साड्या व एक शाल बाहेर राहिली. डिंक, खारीक, सुके खोबरे, सुंठ, हळद, मूगवड्या, खाखरे आणि हिंगाची डबी आत गेली.

मी निघाले होते इंग्लंडमधील लेस्टर या शहरी, लेकीच्या बाळंतपणासाठी. जावईबापूंनी आधीच निरोप धाडला होता, की तूप, पेढे, खव्याची मिठाई आणू नका. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दूध व दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये सामानातून नेण्यास मनाई आहे. त्यामुळे लाडू वळून नेण्याचा बेत रद्द झाला आणि लाडवाचे सामान तेवढे सोबत घेतले. तूप तिथे बिनमिठाचे लोणी आणून घरीच कढवायचे ठरले. आमच्या सासूबाई, ज्यांना घरातले सारेच ‘बाई’ म्हणतात, हे सर्व पाहत ओट्यावर बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “दिसावरला जातेस. पुड्या मोजून ने, पण तिथे गेल्यावर दुसऱ्याचं ताट मोजू नकोस.”

या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दिसावर म्हणजे काय

‘दिसावर’ हा शब्द आपल्या मारवाडी घरांतील जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. व्यापारासाठी घर सोडून ज्या दूरच्या मुलखात जायचे तो दिसावर. आज आपण परदेश म्हटले की लंडन, अँटवर्प, न्यू जर्सी डोळ्यांपुढे आणतो. पण आमच्या घराण्यातील जो पूर्वज मारवाडातून पायी व बैलगाडीने नगर जिल्ह्यात आला, त्याच्या लेखी नगर हाच दिसावर होता. भाषा वेगळी, पाणी वेगळे, धान्य वेगळे. बाजरी ओळखीची होती, पण ज्वारीच्या भाकरीचा हात शिकावा लागला. गट्टे, कढी आणि पापडाची भाजी सोबत आली. पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि पुरणपोळी इथे मिळाली. आज आमच्या घरी अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा मूगवडीच्या रश्श्याबरोबर ज्वारीची भाकरी असते. मारवाड आणि महाराष्ट्र एकाच ताटात जेवतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आम्ही राहतो तो परिसरच मुळी स्थलांतरितांचा. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे, तेवढे एक सोडले तर इथले बहुतेक सारे बाहेरून आलेले. पलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी बांधव कल्याणच्या लष्करी छावण्यांत उतरले आणि १९४९ मध्ये त्या छावण्यांचे नगर झाले. जमीन, घर, दुकान सारे मागे राहिले. पण पापड लाटण्याचा हात, साईभाजी आणि दालपकवान सोबत आले. ज्या घरांचे सर्वस्व गेले होते, त्यांतील कित्येकांची चूल त्या पापडांनीच पेटती ठेवली. आजही आमच्या दुकानात सिंधी पापडाला वेगळा मान आहे.

कल्याणची एक मुलगी, राजकोटचा एक मुलगा

विमानात झोप येईना, तेव्हा एका लेकीची आठवण मनात घोळत होती. अंबरनाथहून तिसरे स्टेशन कल्याण. तिथे ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्ध झाली. १८८३ मध्ये अठरा वर्षांची ही मुलगी एकटी अमेरिकेला गेली. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत, कलकत्त्याजवळच्या, तिने जाहीर सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. बोटीवरच्या प्रवासात तिच्या खाण्याचे फार हाल झाले. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी मात्र तिला मायेचे छत्र लाभले. तिथे तिला आपल्या पद्धतीने रांधता आले. पुढे फिलाडेल्फियात शिकताना अभ्यास, कडाक्याची थंडी, खोलीतील धुराची शेगडी आणि स्वतःचा स्वयंपाक हे सारे तिने एकटीने ओढले. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेली. वय पुरते बावीसही नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या समाजाला अधिक जवळचे. १८८८ मध्ये मोहनदास गांधी विलायतेला निघाले, तेव्हा आईचे मन धजेना. घरचे सल्लागार बेचरजी स्वामी हे जैन साधू होते. त्यांनी मोहनदासांना मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मगच आईने परवानगी दिली. लंडनमध्ये पुढे काय झाले ते गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. मसाल्याविना उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरत नसत, अधिक पाव मागायची लाज वाटे, पोट अर्धे रिकामे राही. रोज दहा-बारा मैल चालून ते शाकाहारी खानावळ शोधत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर ती सापडली आणि तिथेच विकत घेतलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक वाचून त्यांच्या मनात एक मोठा पालट झाला. तोवर ते आईला दिलेल्या शब्दासाठी शाकाहारी होते. त्यानंतर स्वतःच्या विचाराने झाले.

या दोन्ही कथा मला पूर्वीपासून ठाऊक होत्या. त्यांत उपाशी राहणाऱ्या मुलाच्या बाजूने विचार करायला मात्र मी लेस्टरमध्ये शिकले.

सात तासांचा दिवस

लेस्टरला किराण्याची अडचण नाही, हे पाहून व्यापाऱ्याच्या घरची बाई म्हणून मला आधी धीर आला. बेलग्रेव्ह रोड हा तिथला भारतीय बाजार. मलावीची तूरडाळ, कॅनडाचा मसूर, गुजरातचा पोहा, सारे एका मांडणीवर. तेल लावलेली तूरडाळ पाहून तर ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळून डाळ ठेवण्याची आपली जुनी रीत तिथे पाकिटावर छापून विकली जाते.

ही बाजारपेठ उभी राहिली ती विस्थापितांच्या हातांनी. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ईदी अमीन याने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, ‘आमच्या शहरात येऊ नका’ असे सुचवले होते. लोक तरीही आले, आणि आज त्याच शहराची दिवाळी पाहायला दुरून माणसे येतात. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेले जैन मंदिर आहे. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी एकाच छपराखाली पाहून मन भरून आले. तिथे केनियाहून आलेल्या ओसवाल घरांतील एक वृद्ध भगिनी भेटल्या. मक्याचे कणीस नारळाच्या दुधात शिजवण्याची आफ्रिकी गुजराती रीत त्यांनी मला शिकवली. तीन देशांत तीन चुली मांडलेल्या त्या बाईंच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

खरी अडचण होती सूर्याची. आपल्याकडे थंडीतही सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. लेस्टरमध्ये डिसेंबरात तो सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. मी नवकारसी व चौविहार पाळते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे धरली, की पहिला घास नवाच्या सुमारास आणि शेवटचा पावणेचारच्या आत. खाण्यापिण्याला सारा मिळून जेमतेम सात तासांचा दिवस! मी दिवसभर घरात असल्यामुळे मला ते जमत होते. जी मुलगी सकाळी अंधारात बस पकडते आणि संध्याकाळी अंधारात परत येते, ती काय करीत असेल, हा प्रश्न मात्र माझ्या मनात आला नाही.

कपाटातील बरणी

लेकीला मुलगी झाली. दहाव्या दिवशी मी डिंकाचे लाडू करायला घेतले. डिंक १०० ग्रॅम, खारकेची पूड व किसलेले सुके खोबरे प्रत्येकी २५० ग्रॅम, तूप २५०, गूळ ३००, खसखस ५० ग्रॅम आणि दोन चमचे सुंठ. डिंक तुपात मंद आचेवर फुलवायचा. आतून कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. (इंग्लंडमध्ये खसखस सहज मिळते, दुबई किंवा सिंगापूरला मात्र ती सोबत नेऊ नये, तिथे तिला बंदी आहे.) गुळासाठी पातेले शोधताना कपाटात डाळींच्या डब्यांमागे माझा हात एका बरणीवर पडला. आले-लसणाचे वाटण. बरणी अर्धी रिकामी होती. तिच्याशेजारी कागदी पिशवीत पाच-सहा बटाटे.

मी बरणी जागेवर ठेवली, लाडू वळले, लेकीला दिले. त्या दुपारी मात्र मी चहाबरोबर नुसता खाखरा खाल्ला. दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी वेगळा तवा मागितला. तिसऱ्या दिवशी वेगळे पातेले. एक शब्द बोलले नाही आणि मनात मात्र स्वतःच्या संयमाचे कौतुक करीत राहिले. पंचवीस वर्षे ज्या घरात कंदमूळ शिरले नाही, त्या घरची ही मुलगी, हा विचार काट्यासारखा सलत होता.

चौथ्या दिवशी बाळाला पाजताना लेकच म्हणाली, “मम्मी, बरणी पाहिलीस ना?”

मी म्हणाले, “पाहिली.”

मग ती सांगू लागली. पहिल्या वर्षी डिसेंबरात ती कामावरून परते तेव्हा सूर्य मावळून दोन-अडीच तास झालेले असत. कामाच्या ठिकाणच्या उपाहारगृहात तिच्यासाठी एकच पदार्थ असे, भाजलेला बटाटा. सूपमध्ये कांदा. तीन आठवडे तिने सुका खाखरा आणि सफरचंदावर काढले. एका सकाळी बसमध्ये तिला भोवळ आली. शेजारच्या अनोळखी बाईने तिला धरून बसवले. त्या दुपारी तिने पहिल्यांदा बटाटा खाल्ला.

“आणि मम्मी, त्या रात्री तुझा फोन आला. तू विचारलंस, जेवलीस का? मी म्हणाले, हो. तू रोज तेच विचारायचीस आणि मी रोज हो म्हणायचे. उपाशी असले तरी हो, आणि बटाटा खाल्ला असला तरी हो. बटाट्याचं ओझं मला एवढं वाटलं नाही, जेवढं त्या ‘हो’चं वाटलं.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. रोज रात्री ठीक साडेनऊला फोन करून मी माझे कर्तव्य पार पाडीत होते आणि माझी मुलगी साडेचार हजार मैलांवर उपाशी झोपत होती.

बहात्तर सालचा कांदा

त्या रात्री मी बाईंना फोन लावला. खरे सांगायचे तर मला त्यांच्या तोंडून लेकीला दोष ऐकायचा होता, म्हणजे मला तिची बाजू घेता आली असती. बाईंनी सारे ऐकून घेतले. बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

“बहात्तर सालचा दुष्काळ तू पाहिला नाहीस,” बाई म्हणाल्या. “मी नवी नवरी होते. तुझा नवरा पोटात होता. दुकानात माल नाही. जो होता तो गावात उधारीवर गेलेला. उधारी मागायची कोणाकडे? सगळा गाव खडी फोडायला. रेशनवर मिलो मिळायचा, लाल, अमेरिकेचा. त्याची भाकरी नुसती घशाखाली उतरत नव्हती. मी दोन दिवस उलट्या काढल्या. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात कांदा फोडून ठेवला. रोज सामायिक करणारा माणूस. डोळ्यांत पाणी होतं, पण हात थरथरला नाही. म्हणाले, आज जीव वाचव, नेम नंतर वाचवू. पाऊस पडला आणि कांदा घरातून गेला.”

“तुम्ही हे कधी सांगितलं नाही, बाई.”

“कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, घरात कधी कांदा आला नाही ना? आणि मी म्हणाले, नाही.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “तिला जेवलीस का असं विचारू नकोस. काय जेवलीस ते विचार. आणि उत्तर ऐकून घेण्याची हिंमत असेल तरच विचार.”

ज्या वर्षी युगांडातील घरे ९० दिवसांत रिकामी झाली, त्याच वर्षी नगर जिल्ह्यातील आमच्या माळवदाच्या घरात हा कांदा फुटला होता. त्या घराचा नेम मोडला, असे मी म्हणू शकत नाही. ज्या नेमाला माणसाची भूक दिसते तोच नेम तीन पिढ्या टिकतो, असे आता मला वाटते. अहिंसेची सुरुवात ताटापासून होते हे खरे. पण चार दिवस मी मुक्याने वेगळा तवा वापरला, त्यातही हिंसा होती. ती मला कोणत्याही सूचीत सापडली नसती.

वीस मिनिटांचा स्वयंपाक

मग आम्ही दोघींनी एक व्यवहाराची गोष्ट केली. व्यापाऱ्याच्या घरात हिशेब मांडला की मन हलके होते. तिला उपदेश नको होता. तिला हवा होता वीस मिनिटांत होणारा, डब्यात टिकणारा आणि चव असलेला स्वयंपाक. कांदा-लसणाचे वाटण लागते ते रश्श्याला दाटपणा व खमंगपणा यावा म्हणून. तेच काम भाजलेले सुके खोबरे, शेंगदाणे, तीळ व थोडी खसखस करते. रविवारी कोरडे वाटून ठेवले की आठवडा निघतो. ओल्या आल्याच्या जागी सुंठ. ओली हळद वर्ज्य, सुकी चालते, तेच तत्त्व इथे. बटाट्याच्या जागी कच्ची केळी. लेस्टरच्या बाजारात ती बारमाही मिळतात.

आणि हिंग. एका चिमटीचा हा पदार्थ आपल्या स्वयंपाकाचा कणा आहे. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येणारा हा डिंक आपल्या देशात पिकत नव्हता. २०२० च्या ऑक्टोबरात हिमाचलातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी त्याची पहिली रोपे लावली. म्हणजे ज्याला आपण घरची चव म्हणतो, तीही मुळात दिसावरहूनच आलेली! बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, म्हणून ज्यांना गहू चालत नाही त्यांनी पाकीट वाचून घ्यावे.

जावईबापूंनी एक युक्ती काढली. हिवाळ्यात लेकीने दुपारचे मुख्य जेवण घरच्या डब्याचे घ्यायचे, साडेतीनला कामाच्या टेबलावरच मुगाच्या डाळीचा खाखरा व फळ, आणि जमेल त्या दिवशी तिथेच थांबायचे. जमले नाही, तर घरी येऊन जे जमेल ते खायचे आणि मला खरे सांगायचे. ही शेवटची अट लेकीने घातली आणि मी मान्य केली.

परत आले तेव्हा

मार्चमध्ये परतताना बॅग हलकी होती. ती बरणी कपाटात होती की नव्हती, हे मी पाहिले नाही. कपाट उघडायचे आहे की नाही हे आता त्या घरच्या गृहिणीने ठरवायचे, असे मला वाटले. गांधीजींच्या आईला दिलेला शब्द जसा पुढे त्यांचा स्वतःचा विचार झाला, तसे माझ्या लेकीचे होईल किंवा होणार नाही. शब्द माझा आहे. विचार तिचा असेल.

आपल्या घराघरांतून आज मुले शिकायला, नोकरीला, व्यापाराला बाहेर जात आहेत. त्यांच्या बॅगा भरताना आपण खाखरे मोजतो, लोणच्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावतो, आणि जाताना नेमांची आठवण करून देतो. हे सारे करावेच. पण त्याबरोबर मुलगा असो वा मुलगी, त्याला जायच्या आधी महिनाभर घरच्या ओट्यापाशी उभे करावे. खिचडी, कढी, गट्टे, मूगवडीचा रस्सा, फुलके, एवढे पाच पदार्थ ज्याच्या हाताला येतात तो जगात कुठेही उपाशी राहत नाही आणि सहसा नेमही मोडत नाही. डबा महिन्याभरात संपतो, हात संपत नाही.

आता रोज रात्री साडेनऊला मी फोन करते. बाई शेजारी बसलेल्या असतात. मी विचारते, “आज काय जेवलीस?” कधी उत्तर येते, केळ्याची भाजी आणि फुलका. कधी येते, मक्याचे कणीस नारळाच्या दुधात. आणि कधी, थोडे थांबून, असेही उत्तर येते जे ऐकून मला आवंढा गिळावा लागतो. मग बाई माझ्या हातातून फोन घेतात आणि विचारतात, “पोट भरलं ना, बेटा?”